मिरगाच्या आधी कुत्र्या-मांजरांची तपासणी

गोव्यात पावसाळ्याची तयारी एप्रिल-मेमध्येच सुरू होते. छपराची कौले परतून घेतात, सुके मासे, आमसुले, मीठ असे पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून ठेवतात. त्याच यादीत घरच्या कुत्र्या-मांजराची दवाखान्याची फेरी लिहून टाकावी. इथले त्यांचे नेहमीचे आजार पावसाला धरूनच येतात: गोचीडताप, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), कानातली आणि कातडीवरची बुरशी. म्हणून एक तपासणी मिरग लागायच्या आधी आणि दुसरी चवथ (गणेशचतुर्थी) सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. सात वर्षांपुढच्या जनावरांना तर ही दुसरी फेरी चुकवूच नये.

बऱ्याच घरांत दवाखान्यात जाणे म्हणजे सुई टोचून पाच मिनिटांत परत येणे. सुई ही त्या फेरीतली सर्वांत सोपी गोष्ट. डॉक्टरांनी वजन करावे, ताप बघावा (कुत्र्याचा साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट), दात, कान, डोळे पाहावे, मानेखालच्या आणि मांडीमागच्या गाठी चाचपाव्यात, पोट दाबून बघावे, छातीला स्टेथोस्कोप लावावा. एवढे होत नसेल तर नम्रपणे पण स्पष्ट सांगावे, "डॉक्टर, जरा पूर्ण तपासून बघा." जाताना जुने लसीचे कार्ड, त्याच दिवसाची ताजी सुपारीएवढी विष्ठा कोरड्या स्वच्छ डबीत आणि चालू औषधांची पाकिटे न्यावीत. लंगडणे, खोकणे, झटका येणे यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेले जनावर हटकून नीट चालते.

वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. सहा किलोच्या कुत्र्याचे ६०० ग्रॅम कमी झाले तर ते दहा टक्के आहे, आणि केसाळ अंगावर ते दिसत नाही. घरी साधा वजनकाटा पुरतो: कुत्र्याला उचलून घेऊन वजन करायचे, मग स्वतःचे एकट्याचे करायचे, आणि वजाबाकी करून वहीत लिहायचे. महिन्यातून एकदा. त्याच दिवशी ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. (हिरड्या जन्मतः काळ्या असतील तर खालच्या पापणीच्या आतली बाजू बघा.) झोपेत असताना श्वास मोजावा, मिनिटाला ३० च्या आत असावा. रोज त्याहून जास्त भरत असेल तर हृदय किंवा फुप्फुस तपासायला हवे.

आता गोचीड. गोव्यातल्या कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त शब्द याच्यावरच खर्च केले पाहिजेत. कुत्र्याची तपकिरी गोचीड फक्त गवतातून येत नाही, ती घरातच राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि चिऱ्यांच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला औषध देऊन घर तसेच सोडले की दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. सांधे सिमेंटने बुजवावेत, कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, आणि औषध पूर्ण पावसाळाभर न चुकता चालू ठेवावे. हल्लीच्या चघळायच्या गोळ्यांपैकी काही महिनाभर, काही बारा आठवडे काम करतात. वजनाप्रमाणे निवडायच्या आणि जेवणासोबत द्यायच्या. गोचीड चावल्यावरच त्यातले औषध तिच्या पोटात जाते, त्यामुळे अंगावर मेलेली गोचीड दिसली म्हणजे गोळी निकामी ठरली असे नव्हे. कुत्र्याला आकडी येत असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

गोठ्यातल्या गुरांसाठी आणलेले अमिट्राझ हे गोचीड मारायचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालणे गावांतून अजून चालते. प्रमाण चुकले की कुत्रा सुस्त पडतो, अंग थंड पडते, नाडी मंदावते. आणि मांजराला कुत्र्याचे कुठलेच औषध लावू नये. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले थेंब मांजराला झटके आणून मारतात. गोचीड काढताना रॉकेल, तेल, काडी नको. चिमट्याने कातडीला चिकटून पकडायची आणि सरळ वर ओढायची. शोधायची जागा: बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, काखा, पट्ट्याखाली, शेपटीखाली.

गोचीडतापातली मोठी फसगत अशी की एर्लिकिया नावाचा जंतू पहिल्या तापानंतर महिनोन्‌महिने गप्प राहतो. कुत्रा जेवतो, खेळतो, आणि आतून प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटत जातात. म्हणूनच ऑक्टोबरच्या फेरीत धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याचीही रक्ततपासणी करावी. प्लेटलेट दोन लाखांच्या खाली आल्या तर काचपट्टीवर रक्त पसरून प्रत्यक्ष बघायला सांगावे, कारण यंत्र गुठळ्या झालेल्या पेशी मोजत नाही आणि आकडा उगाच कमी येतो. एर्लिकियावर सहसा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी कुत्रा ताटाला तोंड लावतो आणि पाचव्या दिवशी गोळ्या बंद होतात, इथेच आजार उलटतो. गोळी उपाशीपोटी दिली तर उलटी होते, म्हणून दोन घास भातावर द्यावी, पण दुधासोबत नको. लघवी चहासारखी तांबडी-काळी झाली तर तो बहुधा बॅबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू असतो. त्याची औषधे वेगळी, तेव्हा शेजारच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत.

लेप्टो उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो. भातशेतीच्या, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) आणि नाल्यांच्या आसपासचे कुत्रे जास्त धोक्यात. पहिल्यांदा लस घेताना दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात आणि पुढे दर वर्षी एक. मेच्या सुरुवातीला पहिला डोस पडला तरच पावसाआधी दुसरा होतो. ताप, उलट्या, मागचे पाय धरणे, पिवळे डोळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना, आणि लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण हा आजार माणसांनाही होतो.

पिल्लाच्या बाकी लसी सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेले संरक्षण लसीला निष्प्रभ करते आणि ते कधी संपेल हे पिल्लागणिक बदलते, म्हणून शेवटचा डोस गाळायचा नाही. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले ते रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षे केलेल्या लसीकरणामुळे. घरातल्या कुत्र्याची लस चुकवून त्यावर विसंबू नये. टोचल्यावर वीस मिनिटे दवाखान्यातच बसावे. तोंड सुजले किंवा उलटी झाली तर तिथल्या तिथे इलाज होतो.

जंतांचे औषध मोठ्यांना दर तीन महिन्यांनी, अंदाजाने नव्हे तर त्याच आठवड्यात केलेल्या वजनावर. किनाऱ्यावर फिरणाऱ्या कुत्र्यांचे अंकुशकृमी वाळूतून माणसाच्या पायातही शिरतात.

पावसात अंगणात बेडूक येतात. मोठ्या खरबरीत बेडकाला तोंड लावून कुत्र्याच्या तोंडाला फेस आला तर डोके खाली धरून पाणी तोंडातून बाहेरच्या दिशेने सोडत धुवावे, घशात ओतू नये.

मांजर आजार लपवते, त्यामुळे मांजरांची तपासणी जास्त राहून जाते. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) वाढेपर्यंत मूत्रपिंडाची साधारण तीन-चतुर्थांश क्षमता गेलेली असते. म्हणून म्हाताऱ्या मांजराची लघवीही तपासून घ्यावी आणि पाणी जास्त पिते का यावर नजर ठेवावी. बोका वारंवार बसतो आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. तापासाठी पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे, अर्धी गोळीसुद्धा. नेण्याची टोपली आठवडाभर आधी बाहेर काढून तिच्यात जुना टॉवेल आणि थोडा सुका बांगडा ठेवावा. मग मांजर आपणहून आत जाऊन बसते. दवाखान्यात टोपली जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, कुत्र्यांकडे पाठ करून ठेवावी.