उकळी येईपर्यंतचा उजेड

रस्त्यावरचा सोडियमचा दिवा लागताना बघत उभं राहावं. आधी फिकट निळसर ठिपका, मग हळदीसारखा एकसुरी पिवळा आणि तीन-चार मिनिटांनी तो ओळखीचा सोनेरी उजेड. लोक म्हणतात दिवा आळशी आहे. तसं नाही, उजेड द्यायचा मालच अजून वाफ झालेला नसतो.

बाहेरच्या काचेच्या आत बोटाएवढी नळी असते. ती अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे एका टणक सिरॅमिकची, कारण तापलेलं सोडियम क्वार्ट्झच्या काचेला खातं. गार असताना सोडियम आणि पारा नळीच्या टोकाला चिकटून असतात. वायू म्हणावा असा थोडा झेनॉनच. दिवा पेटवणारा इग्नायटर काही हजार व्होल्टचे ठोके मारतो, झेनॉन पेटतो आणि त्याच्या आचेवर पारा, सोडियम उकळू लागतात. वाफेचा दाब कमी तोवर सोडियम 589 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळाच देतं, रंगपट्टीतली एक बारीक रेघ. दाब चढला की ती रेघ दोन्हीकडे पसरते. गंमत म्हणजे मधला 589चा पिवळा तेव्हा वाफ स्वतःच गिळते!

मग आच वाढवत का नाहीत? सुरुवातीला दिव्यावर जेमतेम वीसेक व्होल्ट असतात. करंट नेहमीपेक्षा जास्त, पण चोक, म्हणजे दिव्याला जोडलेली तारेची गुंडाळी, त्याला लगाम घालतो. वीस व्होल्ट गुणिले तो करंट, म्हणजे वॅट फारच थोडे. मंद आचेवर पातेलं ठेवल्यासारखंच. दाबाबरोबर व्होल्ट शंभराच्या घरात जातात, तेव्हा कुठे पूर्ण वॅट मिळतात.

वीज क्षणभर गेली की हाच दाब आडवा येतो. दाटलेल्या वाफेतून ठिणगी पाडायला इग्नायटरचे ठोके पुरत नाहीत. सोडियमचा दिवा मिनिटभरात निवतो, मेटल हॅलाइड या पांढऱ्या उजेडाच्या दिव्याला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. तेवढ्यात बटण खालीवर करून काही होत नाही.

रात्रभर लागतो-विझतो करणारा दिवा वेगळा. वय झालं की त्याला जास्त व्होल्ट लागतात. पूर्ण तापल्यावर ते चोकला पुरवता येत नाहीत, दिवा विझतो, निवतो, पुन्हा लागतो. अशा वेळी चोक बदलायची घाई होते. आधी अंधार पडल्यावर दिवा लावणाऱ्या फोटोसेलवर त्याच दिव्याचा उजेड पडत नाही ना, ते बघावं. पडत नसेल, तर नवा दिवा घालून बघावा.