गणपतीतल्या मिमिक्रीपासून रिअ‍ॅलिटी शोपर्यंत : आमची वाटचाल

आम्ही काय करतो ते आधी सांगतो, कारण इंदूरमध्ये निम्मे लोक समजतात की आम्ही सिनेमे काढतो. गाण्याचे आणि नाचाचे जे रिअ‍ॅलिटी शो टीव्हीवर लागतात, त्यांच्यासाठी माळवा-निमाडात ऑडिशन घेणं, चांगले स्पर्धक हुडकणं आणि त्यांच्या घरी जाऊन एव्ही शूट करणं हा आमचा धंदा. एव्ही म्हणजे स्पर्धक स्टेजवर येण्याआधी पडद्यावर दिसते ती दोन-अडीच मिनिटांची फिल्म. त्यात त्याचं घर असतं, आईवडील असतात, गल्ली आणि रियाज असतो.

मी या धंद्यात आलो तो विनोदाच्या वाटेने. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग इथल्या गणेशोत्सवांत मिमिक्री करतच मोठा झालो. इंदूरच्या मराठी श्रोत्यांसमोर वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवलं तरी कोणाचं काही अडत नाही, आणि मधेच एखादा इंदुरी ‘भिया’ (म्हणजे भैया) आला की टाळी ठरलेली. पण गणपती, लग्नातलं संगीत आणि एखादं हास्यकवी संमेलन यापलीकडे आम्हा मंडळींना व्यासपीठ नव्हतं. मग 2005 साली स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आलं. हिंगणघाटचा सुनील पाल जिंकला, आमच्याच मध्य प्रदेशातल्या सिवनीचे एहसान कुरैशी दुसरे आले. आपल्यासारखी छोट्या गावची माणसं, कोणाची ओळखपाळख नसताना, केवळ बोलून टीव्हीवर नाव काढतात हे डोळ्यांनी पाहिलं आणि मी अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठली.

तिथे माझ्यातल्या कॉमेडियनला जे काम मिळालं ते प्रेक्षकांना कधी दिसत नाही. रिअ‍ॅलिटी शोचं शूटिंग दिवसदिवस चालतं. सेट बदलायचा असतो, परीक्षकांचा मेकअप बाकी असतो, कुठलातरी लाइट बंद पडलेला असतो. तेवढा वेळ स्टुडिओत बसलेल्या लोकांना जागं आणि हसतं ठेवणारा माणूस लागतो. त्याला वॉर्म-अप म्हणतात. मी ते काम मनापासून केलं. सकाळी आलेली माणसं रात्री उशिरासुद्धा खऱ्या उत्साहाने टाळी वाजवतील हे पाहणं ही माझी जबाबदारी होती. कानात टॉकबॅक, म्हणजे कंट्रोल रूममधलं बोलणं ऐकवणारा इअरफोन, असायचा, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शक कोणता कॅमेरा कधी मागतो आणि का मागतो, हे आपोआप कळत गेलं. माझं खरं शिक्षण तिथे झालं. पुढे क्रिएटिव्ह टीममध्ये घेतलं, मग ऑडिशनचं काम आलं. स्टँड-अप मागे पडलं, पण स्टेजवर लागलेली सवय टिकली: समोरच्याचं वाक्य पुरतं संपेपर्यंत थांबायचं. हशा अर्धा असताना पुढचा विनोद टाकला की दोन्ही वाया जातात, आणि बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीतही नेमकं तसंच होतं.

इंदूरला परत येऊन कंपनी काढली ती याच एका गोष्टीसाठी. मुंबईहून येणारी टीम सकाळच्या विमानाने उतरायची आणि संध्याकाळच्या विमानाने परत जायची. देवास, धार, खरगोन, खंडव्याहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या मुलाला टेबलासमोर मिनिटभर मिळायचं. तो माळवीत काही बोलला तर ते कोणाला कळायचं नाही. निवड झालीच तर त्याच्या घरी कॅमेरा जायचा तो आधीच ठरवून आणलेलं दुःख शोधायला. 2008-09 मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ लागायचं तेव्हा आमच्याकडेही घराघरांत आळंदीची कार्तिकी गायकवाड आणि मुग्धा वैशंपायन यांची गाणी चालायची. लोकांनी त्या मुलांवर जीव लावला तो त्यांच्या गाण्यापायी आणि त्यांच्या खऱ्याखुऱ्या बोलण्यापायी. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तसंच पडद्यावर यावं एवढाच माझा आग्रह होता.

एका एव्हीचा प्रसंग सांगतो. मुलगा शाळकरी, आवाज विलक्षण. वडील शेव-नमकीनच्या कारखान्यात कामाला. प्रॉडक्शन हाउसकडून आलेल्या कागदावर लिहिलं होतं: ‘आई मंगळसूत्र गहाण ठेवल्याचं सांगताना रडते.’ तसं काही घडलेलंच नव्हतं. आम्ही घरात शिरलो की पहिलं काम असतं आवाजाचं. पंखा बंद, शेजारच्या काकूंना मिक्सर थोडा वेळ न लावण्याची विनंती, आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की आमचा साउंडवाला गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवतो. निघताना किल्ली घ्यायला गेलं की फ्रिज चालू करायची आठवण होतेच. परक्याच्या घरातलं दूध नासता कामा नये. मुलाच्या आईच्या बांगड्या माइकमध्ये वाजत होत्या, तर त्यांनी आपणहून त्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि विचारलं, “आता चालेल ना हो दादा?”

मी कागदावरचा प्रश्न विचारलाच नाही. कोपऱ्यात जुनी पेटी होती, तिच्या भात्याला कापडाचं ठिगळ लावलेलं होतं. वडिलांना म्हटलं, हे कोणी केलं? तोवर गप्प बसलेला तो माणूस उठून जवळ आला. कोणता डिंक लावला, वारा कुठून सुटत होता, काळी चारची पट्टी कशी दाबलेलीच राहायची आणि पोराने ती टाळून रियाज कसा केला, हे तो बोट लावून दाखवत गेला. मुलगा मधेच हसून म्हणाला, “बाबा, ती अजूनही अडकते.” त्या घरात संगीतासाठी कोणी काय केलं ते सगळं त्यात आलं. रडणं नाही म्हणून मुंबईहून थोडी कुरबुर झाली, पण फिल्म तशीच लागली.

मुलांच्या बाबतीत तर आम्ही तसूभरही हलत नाही. 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2017 च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्पष्ट अटी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मिळकतीतला निदान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. पालकांना बहुतेक वेळा यातलं काहीच माहीत नसतं. करारावर सही व्हायच्या आधी आमच्याकडची ताई त्यांना हे एकेक कलम मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवते आणि शाळेच्या परीक्षांच्या तारखा शेड्यूलवर लाल पेनाने लिहून घेते. वेळ जातो. जाऊ दे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. आमचं बिल वाहिनी थेट देत नाही, मधलं प्रॉडक्शन हाउस देतं, आणि पैसे हाती पडायला दोन-तीन महिने सहज लागतात. कॅमेरा, जेवण, गाडी यांचे पैसे मात्र त्याच दिवशी द्यावे लागतात. सुरुवातीची ती ओढाताण दादाने, माझ्या मोठ्या भावाने, सावरली. आता कॅमेरे आमचे स्वतःचे आहेत आणि एडिटही इथेच होतं.

आता आम्ही स्वतःच्या फॉरमॅटवर काम करतो आहोत. माळव्यातल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गाणं, कीर्तन आणि भजन घेऊन घराघरांतली स्पर्धा, असा तो शो आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. पण विश्वासाने सांगितलेली संकल्पना ऐकणाऱ्याला परस्पर वापरता येत नाही, हेही मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये झी टेलिफिल्म्स आणि सनडायल या कंपन्यांच्या प्रकरणात मान्य केलं. म्हणून आम्ही प्रत्येक फेरी, गुणांची पद्धत, सेटचा नकाशा, सगळं सविस्तर लिहून काढलं आहे, आणि कोणापुढे मांडायच्या आधी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतो. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मी कळकळीने सांगतो. खूप चांगली मुलं उत्साहाच्या भरात सगळं तोंडी सांगून टाकतात.

पायलटचं, म्हणजे शोच्या नमुना भागाचं, शूटिंग राजेंद्रनगरमधल्या घरांत झालं, एडिट चालू आहे. पुढचा टप्पा बडवानी-खरगोनकडचा, आणि तिथे घरात बसून गप्पा मारायला निमाडी बोलणारं माणूस हवं आहे. कॅमेऱ्याचा अनुभव नसला तरी चालेल, तो आम्ही शिकवू. ऐकायची आवड हवी. अशी मुलगी किंवा मुलगा तुमच्या ओळखीत असेल तर ऑफिसमध्ये पाठवा, दुपारनंतर मी असतोच.