तीन दिवसांचे आठ दिवस

सोमवार, रात्री ११

आज क्लायंटच्या कॉलवर मी म्यूटवर होतो आणि आमची प्रोजेक्ट मॅनेजर एकटी बोलत होती. ते मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या सोमवारी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या उभ्या उभ्या होणाऱ्या छोट्या बैठकीत, तिने विचारलं, "किती दिवस?" तिकीट, म्हणजे कामाची नोंद, वरवर वाचून मी "तीन" म्हणून मोकळा झालो. मंगळवारी कोड उघडला तेव्हा दुखणं वेगळंच निघालं. क्लायंट जर्मनीचा आणि बिलांच्या तारखा पडतायत भारतीय वेळेने. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. म्हणजे तिकडे ३१ जानेवारीला संध्याकाळी साडेसातनंतर केलेलं बिल आमच्याकडे फेब्रुवारीत. नुसती स्क्रीन दुरुस्त करून भागणार नव्हतं, जुन्या नोंदीही तपासून बदलायला हव्या होत्या. आठ दिवसांचं काम.

हे मला मंगळवारी दुपारीच कळलं होतं. तिला सांगितलं शुक्रवारी. मधल्या काळात ती "कुठवर आलं?" विचारायची, मी "चालू आहे" म्हणायचो आणि वर तिच्यावरच चिडायचो.

कॉलवर आमच्याच वरिष्ठांनी सुचवलं, "अजून दोघं घ्या, लवकर उरकेल." ती शांतपणे नाही म्हणाली. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, सात जणांत २१; नव्यांना समजावण्यातच आठवडा जाईल. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी हे १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली तर ते आणखी लांबतं. तिला हे पक्कं माहीत होतं आणि ते बोलायची हिंमतही होती. आमच्यासाठी ती अशी किती वेळा उभी राहिली असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

नंतर चहाला गेलो. ती म्हणाली, "तू तीन म्हणालास, मी तारीख देऊन बसले. मंगळवारी आठ म्हणाला असतास तर त्यांना आधी काय हवंय ते विचारून तेवढं पुढे काढलं असतं. शुक्रवारी कळल्यावर माफी मागण्यापलीकडे माझ्या हातात काय उरतं?"

माझ्यासाठी जो अंदाज होता, तो तिने दिलेला शब्द झाला होता.

मीही मनातलं बोललो. स्टँडअपमध्ये उभ्या उभ्या आकडा मागू नकोस, अर्धा दिवस कोड वाचायला दे. ती लगेच म्हणाली, "दिला." इतकं सोपं होतं हे, आणि दीड वर्षात आम्ही दोघंही एकदासुद्धा बोललो नव्हतो.

आत्ता पावणेअकराला तिने विचारायच्या आधीच मी मेसेज टाकला: "जानेवारीच्या नोंदी झाल्या. फेब्रुवारीत दोन टेस्ट अजून फेल होतायत, कारण सापडलेलं नाही. उद्या १२ पर्यंत सांगतो." तिचं उत्तर आलं, "बरं. १२ पर्यंत मी त्यांना थांबवते."

दिवा मालवतो आता. सकाळी आधी त्या दोन टेस्ट.