आमची वाटचाल : मुक्या बोर्डांपासून

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मोटर चालवणारे कंट्रोलर बोर्ड बनवायचे आणि त्यावरचं फर्मवेअरही (चिपमध्येच बसणारा प्रोग्राम) आपणच लिहायचं. पहिली मोठी ऑर्डर गेली आणि थोड्याच दिवसांत त्यातले काही बोर्ड परत आले. प्रत्येकावर कागदी पट्टी, तिच्यावर पेनानं एकच शब्द : ‘बंद’.

टेबलावर लावून पाहिले. वीज पोचत होती, पण सिरियल पोर्टवर, म्हणजे बोर्ड जिथून संगणकाला मजकूर पाठवतो तिथे, एक अक्षर येईना. रीसेटच्या पिनेला ऑसिलोस्कोप लावला तेव्हा कळलं, बोर्ड सारखा उठत होता नि पडत होता. बाहेरच्या रॅमच्या एका पायाचं सोल्डर कच्चं राहिलेलं. बूटलोडरला, म्हणजे वीज आल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, ते समजतही होतं. पण चूक कळवणारं आमचं फंक्शन आपला बफर (मजकूर तात्पुरता ठेवायची जागा) त्याच रॅममध्ये ठेवत होतं! तिथेच ते अडकायचं, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट करायचा, पुन्हा पहिल्यापासून. ही चूक सोल्डरची कमी आणि माझी जास्त, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून नव्या बोर्डासाठी आम्ही सगळ्यात आधी चूक कळवणारा हाच भाग लिहितो. मोटरचे आउटपुट बंद, इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद, स्टॅक (प्रोग्रामची कामापुरती मेमरी) चिपच्या आतल्या एसरॅममध्ये, क्लॉक आतल्या आरसी ऑसिलेटरचं. मग एक पिन, एक एलईडी आणि दोन लुकलुकींमधला वेळ काढायला मोजून घातलेला रिकामा लूप.

यू-बूट या खुल्या बूटलोडरमधलं ‘हँग’ फंक्शन ‘प्लीज रीसेट द बोर्ड’ असं छापून तिथेच फिरत राहतं. केबल जोडलेली असेल तर उत्तमच. पण पॅनेलच्या आत बसवलेल्या बोर्डाला केबल कोण जोडणार? राझबेरी पाय या छोट्या संगणकाचा दिवा एसडीरॅम (त्याची मुख्य मेमरी) बिघडली की 8 वेळा लुकलुकतो, तसं काहीतरी आम्हाला हवं होतं.

यावर आमचा वादही झाला. भागीदाराचं म्हणणं, रीसेट होऊ दे, विजेच्या झटक्यानं बिघडलेलं पुष्कळदा आपोआप सुधारतं. तेही खरंच. शेवटी तीन प्रयत्न ठरले. त्यांची मोजणी रीसेटनंतरही टिकणाऱ्या बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवायची, आणि चौथ्यांदा मात्र थांबून फक्त दिवा. त्या लूपमध्ये वॉचडॉगला आम्ही मुद्दाम खुराक, म्हणजे ‘अजून चालू आहे’ असा संकेत, देत राहतो, नाहीतर तो लुकलुक मध्येच तोडतो.

परवा एका तंत्रज्ञाचा फोन आला. “साहेब, पाचदा लुकलुकतो, मग थांबतो, परत पाचदा.”

“बोर्ड काढू नका. मेमरी कार्ड तेवढं बदलून बघा.”

दोन मिनिटं तो फोनवरच थांबला. मग पलीकडून मोटरचा आवाज आला.