कुत्र्याला नेलंस, आणि आईला?

सांगलीला आले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न येतोच. गावभागातल्या शेजारणी हसत विचारतात, मावशी न हसता विचारते, भावाचे सासरे ‘आपलं सहज’ म्हणून विचारतात. कुत्र्याला विमानात घालून जर्मनीला नेलंस, मग आईला का नाही नेलं? इतकी वर्षं मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. यंदा मावशीने आईसमोरच विचारलं आणि आई दूध बघून येते म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

आधी कायद्याचं सांगते, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे. पाहुणी म्हणून आईला १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. हळद्याचे, म्हणजे त्या कुत्र्याचे, कागद एकदा पुरे झाले, तो कायमचा. आता त्याच्याकडे युरोपचं निळं पासपोर्ट-पुस्तक आहे आणि त्याच्यापायी मी बर्लिन शहराला वर्षाला १२० युरो कर भरते. माझा पासपोर्ट अजून भारताचाच. म्हणजे आमच्या अख्ख्या घराण्यात युरोपचा पासपोर्ट असलेला एकटा हळद्या, आणि तो गावठी. हे नियम मी केलेले नाहीत.

आणि नाही, त्याला बॅगांच्या ढिगात टाकलं नव्हतं. जनावरं ठेवतात त्या भागात हवेचा दाब आपण बसतो तिथल्यासारखाच असतो, तापमानही सांभाळतात. झोपेचं इंजेक्शनही दिलं नव्हतं. गुंगीत श्वास आणि रक्तदाब वर हवेत कसे वागतील याचा भरवसा नसतो, म्हणून गुंगी दिलेलं जनावर विमान कंपन्या सहसा घेतच नाहीत. त्याला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढा पिंजरा लागतो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता रिक्षावाल्यालाही सांगेन.

हळद्या २०१९च्या महापुरातला. पूर कसा होता ते तुम्हाला काय सांगायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका आणि पाणी ५७च्या वर, एवढं म्हटलं की पुरे. पाणी ओसरल्यावर आमच्या जिन्यात चिखलाने माखलेलं पिल्लू सापडलं. धुतल्यावर पिवळं निघालं. नाव मी ठेवलं, आणि कुत्रा माझा, असं दोन वर्षं सगळे म्हणायचे. २०२१मध्ये मी बर्लिनला गेले. बाबा त्याआधीच वारले होते. त्यानंतर तो कुणाचा होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

२०२३च्या दिवाळीनंतर मांजर दिसलं म्हणून त्याने साखळीला हिसका दिला आणि आई देवळाच्या रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, आत धातूची पट्टी बसवली. भावाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालणार नव्हता. मी भावाला लिहिलं: ‘तिच्याने आता होत नाही. मी नेते. दोघांचाही प्रश्न सुटेल.’ तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं, हे मी आजही भांडून सांगेन. पण सगळे मिळून पावणेतीन लाख लागले. सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवून आणणाऱ्या पोराला महिन्याला तीन हजार दिले असते, तर तेवढ्यात साडेसात वर्षं निघाली असती. हा हिशेब मी तेव्हा केला नाही. करायचा नव्हता. परदेशात संध्याकाळी कुलूप उघडल्यावर कुणीतरी धावत दाराशी यावं, एवढं मला हवं होतं. आईलाही संध्याकाळी तेच हवं असेल, हा विचार मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. आला होता. मी तो बाजूला ठेवला.

बरं, कागदपत्रं केली कुणी? मी बर्लिनमध्ये. त्याला दरवर्षी रेबीजची लस दिली होती, पण मायक्रोचिप नव्हती, आणि चिप बसवायच्या आधीची लस युरोप धरत नाही. म्हणून जानेवारीत चिप, मग नव्याने लस, मग ३० दिवस थांबून रक्त. त्या रक्तात लसीचा असर मिलिलिटरला किमान ०.५ युनिट यावा लागतो, तोही त्यांनी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तपासलेला. तो आला की रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. हे सगळं आईने केलं. पट्टी बसवलेल्या हाताने कुत्र्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे. चिपच्या पंधरा आकडी नंबराचा एक स्टिकर तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय, विम्याच्या कागदांशेजारी. अजून तिथेच आहे.

पिंजऱ्याची सवयही तिनेच लावली. मी फोनवर इंटरनेटवरचं सांगायचे, आधी दार काढून ठेव, खाऊ आत टाक. तिने ऐकून घेतलं आणि तिच्या पद्धतीने केलं. तिचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ आत अंथरलं, दुधात कुस्करलेली भाकरी आत ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसून शेंगा सोलायला लागली. आठवड्याभरात ‘घरात’ म्हटलं की हळद्या आत. जूनमध्ये मी न्यायला आले तेव्हा तो दुपारी आपणहून तिथे झोपत होता. आईने मला ते कौतुकाने दाखवलं.

मुंबईला ती आली नाही. प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाचा दाखला मिळाला आणि रात्री आम्ही सहार विमानतळाच्या कार्गोत पोचलो. पाऊस, ट्रकांचे हॉर्न, ओल्या पुठ्ठ्याचा वास. वजन झालं, ‘जिवंत प्राणी’चे स्टिकर लागले. मग तिथल्या माणसाने सांगितलं, पिंजरा रिकामा करा, मशीनमधून काढायचाय. हे मला माहीत होतं. हळद्या बाहेर आला, पिंजरा पट्ट्यावरून गेला, परत आला. आणि हळद्या काही केल्या आत जाईना. चारही पाय रोवून फरशीवर बसला. खाऊ दाखवला. ओढलं. ‘घरात’ म्हणाले, तर तोंड फिरवलं. त्या शब्दाचा आवाज माझा नव्हता. माणूस चांगला होता, पण त्याच्यामागे आंब्यांच्या पेट्यांची रांग होती. “मॅडम, दहा मिनिटं,” तो म्हणाला.

दीड वाजता मी आईला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. “आत जाईना,” एवढंच म्हणाले. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, “स्पीकरवर टाक.” आणि तिच्या रोजच्या आवाजात, दुपारी म्हणावं तसं, “हळ्या, चल बाळा, घरात.”

तो ताडकन उठला. कान उभे. फोनकडे त्याने बघितलंही नाही. ट्रॉलीमागे बघितलं, खांबामागे बघितलं, मग पिंजऱ्याच्या दाराशी जाऊन आत नाक घातलं. पातळाचा वास. ती आत आहे असं वाटून तो आत गेला आणि अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत हुंगत गेला.

मी दार लावलं. दोन्ही खिट्ट्या लावल्या.

“गेला का?” आईने विचारलं. मी हो म्हणाले. “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला.

फ्रँकफर्टला त्याला सरकारी डॉक्टरांनी तपासलं, चिप वाचली, सही केली. तो ठीक होता. ते पातळ मात्र दातांनी पार फाटलं होतं.

आता मूळ प्रश्न. मी आईला एकदा विचारलं होतं, येतेस का माझ्याकडे, राहायला. ती म्हणाली, “मी काय करू तिथं?” आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्हाला उत्तर हवं असेल तर हे घ्या. पण लगेच असंही वाटतं की विचारून तरी काय, ९० दिवसांपलीकडे मी तिला देणार काय होते? की हे मी नियमांआड लपणं झालं? रोज वेगळं वाटतं.

गेल्या वर्षी ती ते ९० दिवस येऊन गेली. हळद्या तीन महिने तिच्या खाटेखालून हलला नाही. निघायच्या दिवशी आईने मला त्याला मुद्दाम बागेत न्यायला सांगितलं आणि तेवढ्यात शेजारच्या मुलाबरोबर विमानतळाला निघून गेली. आम्ही परत आलो तर खाट आवरलेली. तो चार दिवस जेवला नाही. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिने फोनवर विचारलं, “किती दिवस?” मी म्हणाले, “चार.”

यंदाचा व्हिसाचा अर्ज मी भरून ठेवलाय, फक्त तिची सही राहिलीय. मावशी गेल्यावर मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी करून परत माझ्या हातात दिला.

“यायचं म्हणजे परत त्याला टाकून यायचं,” ती म्हणाली. “दोनदा झालंय माझं.”