टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणे!

इथले बाकी सगळे नियम पचले, हा काही पचत नाही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या चर्चमध्ये, टर्म चालू असली की संध्याकाळी 'ईव्हनसाँग' असतं. नावाला प्रार्थना, पण बरीचशी गाऊनच होते. कॉयर म्हणजे गायकवृंद, आणि ऑर्गन, जेमतेम पाऊण तास. तिकीट नाही, धर्म कोणी विचारत नाही. फक्त दाद द्यायची नाही.

सवाई गंधर्वच्या मांडवात वाढलेल्या माणसाला ही शिक्षाच. परवा हर्बर्ट हॉवेल्स या इंग्रज संगीतकाराची 'कॉलेजियम रेगाले' ही रचना होती. 1945 साली शेजारच्या किंग्ज कॉलेजसाठी लिहिलेली. त्यात बायबलमधल्या म्हाताऱ्या सिमियनचं गाणं येतं: देवा, आता मला सुखाने जाऊ दे. एकटा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, गातो, बाकीचे त्याच्यामागे अगदी दबक्या आवाजात. मग शेवटच्या 'ग्लोरिया'ला, म्हणजे देवाच्या जयजयकाराला, सगळ्यात उंच सोप्रानोपासून सगळ्यात खालच्या बासपर्यंत सगळे एकदम उसळतात, ऑर्गन खालून बाक हलवतो. आपल्याकडे अशा जागी निदान चार जणांनी तरी 'क्या बात है' म्हटलं असतं. इथे काय, तर सगळे शांतपणे वेदीकडे वळले आणि एका सुरात 'माझी श्रद्धा आहे की' म्हणायला लागले. मी हात मांडीखाली दाबून बसते. शेजारच्या आजींना वाटतं, मला थंडी वाजतेय.

बरं, गाणं देवासाठी आहे, माणसांनी कौतुक करायचं नाही, हे समजू शकते. पण मग शेवटी ऑर्गनिस्ट एकटा वाजवतो, हातापायांनी अक्षरशः घाम गाळून, तेव्हा हीच मंडळी उठून कोट घालतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बाहेर पडतात! भैरवी चालू असताना आपल्याकडेही लोक चपला शोधायला उठतात, मान्य. पण त्यांची शेवटची बस चुकणार असते. इथल्यांना सायकलवर दहा मिनिटांत घरी जायचं असतं.

स्तोत्रं मात्र मला मनापासून आवडतात. कॉयरच्या दोन बाजू समोरासमोर बसून एकेक ओवी आलटून पालटून घेतात, थेट वारकरी भजनासारखं. जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत. पंधरा तारखेच्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं येतं, 73 ओव्यांचं. बहुतेक ठिकाणी ते कापूनच गातात, आणि कोणाला वाईटही वाटत नाही.

या कॉलेजने मुलींना विद्यार्थिनी म्हणून 1981-82 मध्ये घेतलं, पण चॅपलच्या कॉयरमध्ये यायला त्यांना 2022 उजाडलं. तोवर वरचे सूर लहान मुलगेच गायचे. आमच्याकडे जनाबाईचे अभंग सातशे वर्षं सगळे गातात, असं मी इथल्या मैत्रिणीला जरा तोऱ्यात सांगितलं. पण बालगंधर्वांचा विषय मात्र मी काढला नाही.

आणि हे चॅपल अगदीच परकं आहे असंही नाही. ते बांधणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरचेच. इथे चॅपलचं उद्घाटन 1869चं, तिकडे टॉवरची पायाभरणीही त्याच वर्षी. रँग्लर परांजपे याच कॉलेजचे, 1899चे सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले. पुढे ते पक्के बुद्धिवादी, देव न मानणारे म्हणून गाजले. म्हणजे मीही श्रद्धा नसताना तिथे जाऊन बसते, यात वावगं काही नाही.

सासऱ्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. ऑर्गन म्हणजे त्यांच्यासाठी संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा. हजारो नळ्यांचा ऑर्गन ऐकायला ते यायला एका पायावर तयार, पण जुलैमध्ये. त्यांना कसं समजावू की जूनच्या मध्यात टर्म संपते आणि कॉयर सुट्टीवर जातो? शेवटी ऑक्टोबरचं तिकीट काढलं. थंडीची कुरकुर आत्तापासून सुरू आहे. टाळ्यांचंही सांगून ठेवलं. त्यावर त्यांचा एकच प्रश्न: "मान डोलावलेली चालते ना गं?"