हाकेला ओ न मिळालेली मुले
वडोदऱ्यात दांडिया बाजारातील बालवाडीत मी शिकवते. तेथील एक मुलगा गुडघा फुटला तरी रडत नाही, कोणाकडे धावत नाही, म्हणून पाहुण्यांना तो ‘गुणी’ वाटतो. मला त्या शांतपणाचीच धास्ती वाटते; हाकेला ओ मिळत नाही म्हणून तर तो गप्प नसेल? रोमानियातील बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतील १३६ बालकांपैकी निम्म्यांना, जणू चिठ्ठ्या टाकून, सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवले गेले, तेव्हा साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची माणसांशी जवळीक आणि मेंदूतील विद्युतलहरी पुष्कळ सुधारल्या. अवधानाच्या अडचणी मात्र बऱ्याच जणांत टिकून राहिल्या. अनाथालयांत जेवण मिळत होते, हाकेला ओ देणारे हक्काचे माणूस नव्हते. भरल्या घरातही असे घडू शकते, हे आजी-आजोबांना पटवताना माझी दमछाक होते.